वाचकांचे प्रश्न : मार्टिन कार्थी आणि त्यांची गिटार

प्रश्न : ‘स्कारबरो फेअर’ हे गाणं अमेरिकन गायक पॉल सायमनचं की इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थी यांचं?

उत्तर : दोघांचंही नाही, गाणं पारंपरिक इंग्रजी आहे. पण सायमन यांनी ते उचललं कार्थींकडूनच. १९४१ साली इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला जन्मलेले कार्थी साठच्या दशकात लंडनच्या फोक (लोकसंगीताच्या) क्लबांत गात. १९६२ च्या अखेरीस तिथे आलेल्या बॉब डिलननीही हे गाणं त्यांच्याकडूनच ऐकलं. कार्थींच्या १९६५ च्या पहिल्या अल्बमवर ते आहे. सायमन आणि त्यांचे जोडीदार गारफंकल यांची रेकॉर्ड १९६६ ची, आणि तिच्यावर कार्थींचा उल्लेख नव्हता. कार्थींच्या मनात हा सल बरीच वर्षं टिकला. २००० साली लंडनमध्ये सायमन यांनी त्यांना मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र गायलं. कार्थींच्या २०२५ च्या अल्बममध्येही हे गाणं आहे, शीमा मुखर्जींच्या सतारीसह. मधल्या काळातलं ‘स्टीलाय स्पॅन’ या बँडमधलं आणि पत्नी नॉर्मा वॉटरसन यांच्या कुटुंबासोबतचं गाणंही जरूर ऐका.

प्रश्न : कार्थींसारखी गिटार लावली, तर तारा खडखडतात. पहिली तार एकदा तुटलीसुद्धा.

उत्तर : तुटली याचा अर्थ तुम्ही ती वर चढवलीत. सहावीपासून पहिलीपर्यंत त्यांचे सूर सी, जी, सी, डी, जी, ए. शेवटचा ए नेहमीच्या ईच्या खालचा, म्हणजे तार सात सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवायची. तेवढ्यानं ताण निम्म्याहूनही कमी होतो, खडखड त्याचीच.

उपाय जाड तारांचा. पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेल्या नेहमीच्या सेटऐवजी पहिली ०.०१८, दुसरी ०.०२० घ्या. तिसरीच्या जागी नेहमीच्या नव्या सेटमधली चौथीच (०.०३२) लावा, तिचा नेहमीचा सूर तोच डी आहे. चौथी आणि पाचवी दोनच सेमीटोन उतरतात, त्या चालून जातात. सहावी ०.०५९ च्या आसपासची. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसत नसेल तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या, नाहीतर खुंटी पिळताना तार अडकते आणि सूर ‘टिक’ करून उडी मारतो. सगळ्या तारा लावून झाल्या की पुन्हा एकदा तपासा. ताण बदलला की गिटारची मान किंचित हलते, आधी लावलेल्या तारांचे सूर सरकतात.

सी हा सा धरला तर तारा होतात सा, प, सा, रे, प, ध. यात गंधारच नाही, ना कोमल ना शुद्ध. म्हणून मेजर-मायनरच्या (शुद्ध की कोमल गंधार यावर ठरणाऱ्या) चौकटीत न बसणाऱ्या जुन्या चाली इथे मोकळ्या राहतात. मात्र कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) वाजवत बसलात तर फायदा शून्य. कार्थी अंगठ्यातल्या पिकनं खर्ज ठोकतात आणि वरच्या तारांवर गाण्याचीच चाल वाजवतात. ओळ लांबली की गिटारही थांबते. मेट्रोनोम (ठोका देणारं यंत्र) लावून ते जमणार नाही. आधी नुसतं गाऊन शब्द पक्के करा, मग गिटार हातात घ्या.