ग्लायडरमधून गेलेले बेपत्ता सैनिक कसे शोधले गेले?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ग्लायडरमधून शत्रूच्या मुलखात उतरवलेले अनेक सैनिक बेपत्ता झाले. त्यांचे काय झाले, हे पुढे कसे कळले? ज्यांचा मृतदेहच मिळाला नाही, त्यांची नोंद कोठे सापडते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ग्लायडरला इंजिन नसे. विमान त्याला जाड दोराने ओढून नेई आणि वैमानिकांच्या बोलण्याची तारही बहुधा त्या दोरातूनच गेलेली असे. त्यामुळे दोर तुटला की आतल्या माणसांचे काय झाले, हे विमानातल्यांनाही कळत नसे. म्हणूनच अशा शोधात कोणत्या ग्लायडरमध्ये कोण बसले होते, ही निघतानाची यादी सर्वांत मोलाची ठरते.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिशांची दोन हॉर्सा ग्लायडर स्कॉटलंडहून नॉर्वेतील व्हेमॉर्कचा जड पाण्याचा (अणुसंशोधनात लागणाऱ्या विशेष पाण्याचा) कारखाना उडवून देण्यासाठी निघाली. प्रत्येकात १५ सॅपर (बांधकाम व स्फोटकांचे काम करणारे सैनिक) आणि २ वैमानिक होते. दोन्ही ग्लायडर नैर्ऋत्य नॉर्वेच्या डोंगरांत कोसळली आणि त्यांना ओढून नेणाऱ्या दोन विमानांपैकी एक हॅलिफॅक्स विमानही सात जणांसह नष्ट झाले. परतलेल्या विमानाने आपले ग्लायडर समुद्रात पडल्याचे कळवले होते, प्रत्यक्षात ते लिसेफ्योर्डजवळच्या डोंगरात पडले होते. जर्मनांनी तर सर्वजण लढाईत मारले गेल्याचे जाहीर केले. हे धादांत खोटे होते. हेलेलँडजवळ पडलेल्या ग्लायडरमधील १४ जण जिवंत हाती लागले होते. पकडलेल्या कमांडोंना ठार करावे, अशा हिटलरच्या गुप्त कमांडो आदेशानुसार त्यांना गणवेशात असतानाही एगरसुंडजवळच्या छावणीत लगेच गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या ग्लायडरमधील नऊ जण वाचले. त्यांपैकी पाच जणांना १८ जानेवारी १९४३ रोजी ट्रांडुमच्या जंगलात गोळ्या घातल्या आणि चार जखमींना स्टॅव्हँगरमध्ये गेस्टापोने (जर्मन गुप्त पोलिसांनी) ठार करून समुद्रात टाकले.

१९४५ मध्ये नॉर्वे मुक्त झाल्यावर पुरलेली प्रेते उकरून काढण्यात आली, जर्मन अधिकाऱ्यांवर खटले चालले आणि त्यांतील जबाबांमधून हा सारा प्रकार उजेडात आला. माझ्या मते या प्रकरणातून शोध घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पकडणाऱ्याने दिलेला मृत्यूचा वृत्तान्त हा पुरावा नव्हे, मग तो कितीही अधिकृत असो. बहुतेकांना अखेर स्टॅव्हँगर, हेलेलँड आणि ऑस्लो येथे नावानिशी कबरी मिळाल्या. समुद्रात टाकलेले ते चौघे मात्र सापडले नाहीत. त्यांची नावे इंग्लंडमधील ब्रुकवुड स्मारकावर आहेत.

समुद्राने घेतलेल्यांचा शोध बहुधा असाच थांबतो. ९ जुलै १९४३ रोजी सिसिलीवरच्या मोहिमेत अनेक ग्लायडर किनाऱ्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. बुडालेल्यांपैकी ज्यांची कबर नाही, त्यांची नावे इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेली आहेत. भारताशी थेट संबंध असलेली मोहीम ५ मार्च १९४४ ची. त्या रात्री आसाममधील लालाघाटहून चिंडिट सैनिकांना (जपानी फळीच्या मागे जाऊन लढणाऱ्या तुकड्यांना) घेऊन ग्लायडर ब्रह्मदेशाकडे निघाली आणि त्यांतील काही दोर तुटून वाटेतच उतरली. ब्रह्मदेशातील लढाईत पडलेल्या आणि कबर नसलेल्या भूदलाच्या सैनिकांची नावे ताउकचान येथील रंगून स्मारकावर आहेत. ती सुमारे २७,००० असून त्यांत भारतीय सैनिकही आहेत.

आपल्याला एखाद्या सैनिकाचा शोध घ्यायचा असल्यास युद्धात पडलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी व स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, सेवा क्रमांक आणि पलटण यांच्या आधारे नोंद पाहावी. नोंदीत दफनभूमी व कबरीचा क्रमांक असेल तर मृतदेह सापडून ओळखला गेला, असे सहसा समजावे. केवळ स्मारक आणि त्यावरील फलकाचा क्रमांक असेल तर ज्ञात कबर नाही. पूर्वीच्या नोंदींत नावांचे इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे आढळते, म्हणून सेवा क्रमांक हाती असल्यास शोध त्यावरूनच सुरू करावा.