ब्राउझरच्या कन्सोलमधले लॉग (कोडनं छापलेल्या नोंदी) टर्मिनलमध्ये बघता येतात का, की दर वेळी एफ१२ दाबून डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची साधनं, उघडायचीच?

येतात. आणि "एफ१२ दाबायला बोटं दुखतात का?" असं कोणी म्हणालं, तर त्याला हे वाचायला द्या. मला आमच्या टीम लीडनं, म्हणजे साहेबांनी, भर मीटिंगमध्ये हेच ऐकवलं होतं.

झालं असं: आमच्या साइटवर पैसे भरायचं पान पॉपअपमध्ये उघडायचं. पैसे भरले की पॉपअप आमच्याच एका पानावर परत यायचा, मूळ पानाला पोस्टमेसेजनं (एका खिडकीतून दुसरीला निरोप धाडणारं फंक्शन) निरोप द्यायचा आणि मिटायचा. माझ्या लॅपटॉपवर निरोप पोचेचना. मूळ पान आपलं 'कृपया थांबा' म्हणत गरगरतंय. साहेबांच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत! पॉपअपसाठी डेव्हटूल्स आपोआप उघडायची सेटिंग लावली, पण पॉपअप मिटला की त्याचे डेव्हटूल्सही जातात. प्रिझर्व्ह लॉग (पान बदललं तरी लॉग जपायचा पर्याय) तिथे काय करणार? शेवटी मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग करून पॉज करकरून बघितलं. नुसतं धुरकट.

मग दहा-बारा ओळी लिहिल्या. कन्सोलच्या लॉग, वॉर्न, एररवर आपलं फंक्शन चढवायचं, मूळचंही चालू ठेवायचं आणि मजकूर डेव्ह सर्व्हरला (काम करताना आपल्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरला) पाठवून तिथे टर्मिनलमध्ये छापायचा. आधी फेचनं (ब्राउझरच्या नेहमीच्या रिक्वेस्टनं) पाठवला, तर नेमकी शेवटची ओळ गायब, कारण खिडकी मिटताना रिक्वेस्ट अर्धवट मरते. सेंडबीकन (खिडकी मिटली तरी मजकूर पाठवणारं फंक्शन) वापरलं आणि टर्मिनलमध्ये ओळ उमटली: निरोप चाललाय लोकलहोस्ट:३००० ला. माझं पान मात्र १२७.०.०.१:३००० वर उघडलेलं. मशीन तेच, सर्व्हर तोच, पण पत्ता वेगळा लिहिला की ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी ओरिजिन (साइटची ओळख), म्हणून त्यानं निरोप पोचवलाच नाही. तो पत्ता कोडमध्ये हातानं कोणी लिहिला होता, ते सांगायला नको. साहेब म्हणाले, "तुझा बुकमार्कच चुकीचा आहे."

हे लिहायचा कंटाळा असेल तर पपेटियर किंवा प्लेराइटनं (कोडमधून ब्राउझर चालवणारी साधनं) ब्राउझर उघडा आणि पेजचा 'कन्सोल' इव्हेंट ऐकून टर्मिनलमध्ये छापा. पॉपअप हे वेगळं पेज असतं, त्याच्यावर वेगळा कान ठेवावा लागतो. सीओआरएसची (दुसऱ्या ओरिजिनकडून माहिती घेण्यावरच्या बंधनाची) बोंब ब्राउझर स्वतः मारतो, ती माझ्या कोडच्या तुकड्यात येत नाही, इथे येते.

माझ्या तुकड्यातून ऑब्जेक्ट पाठवताना त्याचा जेसन, म्हणजे मजकूर, करावा लागतो. ऑब्जेक्ट स्वतःकडेच बोट दाखवणारा निघाला तर एरर येते, म्हणून ट्राय-कॅच (एरर झेलणारा कोड) घाला. फायदा असा की त्या क्षणी जे होतं तेच छापलं जातं. डेव्हटूल्समध्ये ऑब्जेक्ट नंतर उलगडला तर नंतरची किंमत दिसते, आणि माणूस तासभर चकवा लागल्यासारखा फिरतो.

ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण) लावूनही माझा बग सापडला असता, मान्य. साध्या सीएसएसच्या (पानाच्या दिसण्याच्या) कामाला ही खटपट नकोच, तिथे साहेबांचं एफ१२ बरोबर आहे. आणि हो, हा तुकडा फक्त डेव्ह बिल्डमध्ये (आपल्या कामापुरत्या आवृत्तीत) ठेवा. लॉगमध्ये लोकांचे मोबाइल नंबर असतात.