पोकर अगदी शून्यापासून शिकायचा आहे, आधी काय शिकू?

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारापासून सुरू करा. हातात 2 पानं, टेबलावर सगळ्यांसाठी 5; या 7 मधली सर्वांत भारी 5 तुमची. हातांची (पाच पानांच्या जुळण्यांची) उतरंड, म्हणजे कोणता हात कोणापेक्षा भारी, ती पाठ हवीच. नवशिके एका ठिकाणी हमखास गोंधळतात: पाचही पानं एकाच चिन्हाची, उदाहरणार्थ बदामची, असली (फ्लश) तर ती ओळीने आलेल्या पाचांपेक्षा (स्ट्रेट) भारी.

खरी गोम मात्र पानं टाकून देण्यात आहे. समजा, हातात 2 बदाम आणि पहिल्या 3 उघड्या पानांत आणखी 2. न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम. पुढच्या दोन पानांत एक तरी येण्याची शक्यता साधारण 35 टक्के, म्हणजे तीनपैकी जवळपास दोनदा हात रिकामाच! पॉटच्या (टेबलावर जमलेल्या रकमेच्या) मानाने समोरच्याची बेट (त्याने लावलेली रक्कम) फार मोठी असेल तर निमूट फोल्ड करा, म्हणजे पानं टाकून द्या. ब्लफ (हात कमजोर असताना भारी असल्याचं भासवणं) वगैरे नंतर. पहिले काही डाव काड्यापेटीच्या काड्या लावूनच खेळा.