एका अंड्यात दोन बलक निघाले तर? तुमच्या प्रश्नांना उत्तर

नमस्कार मंडळी. या आठवड्यात मोहोळ, माढा आणि दक्षिण सोलापूरकडनं कोंबड्यांचे प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा विषय एकच, डबल बलक. खरं तर हे पशुसंवर्धनवाल्यांचं खातं, पण तुम्ही कांद्याच्या करप्यासोबत कोंबडीचंही मलाच विचारता, तर सांगतो.

मोहोळकडच्या ताई लिहितात, "साहेब, ४० गिरिराज कोंबड्या आहेत, सहा महिन्यांच्या, पंधरा दिवस झाले अंड्यावर येऊन. दिवसाआड एखाद्या अंड्यात दोन बलक निघायलेत. सासूबाई म्हणायलेत हे बरं लक्षण नाही, टाकून द्या. खाल्लं तर चालतं का?"

ताई, बिनधास्त खा. करणी नाही, रोग नाही, कुणी इंजेक्शनही मारलेलं नाही. सासूबाईंना एक आठवण करून द्या, घरात अंड्यावरची कोंबडी कापली की पोटात काय दिसतं? द्राक्षाच्या घडासारखे पिवळे मणी, एक मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा अजून लहान, शेवटी मोहरीएवढे. हे सगळे होणारे बलक. रोज त्यातला सगळ्यात मोठा मणी पिकून सुटतो, नळीत उतरतो, वाटेत त्याच्यावर पांढरा चढतो, मग पातळ पापुद्रा आणि शेवटी कवच, ह्या सगळ्याला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले १८-२० तास तर नुसत्या कवचाचेच. आता तलंग, म्हणजे पहिल्यांदाच अंडी घालणारी तरणी कोंबडी, नवीनच अंड्यावर आली असली की तिच्या अंगातलं हे वेळापत्रक अजून बसलेलं नसतं. दोन मणी सारखेच पिकतात, एकापाठोपाठ एक सुटतात, आणि नळीला काय कळतंय, ती दोन्ही एकाच कवचात गुंडाळून मोकळी होते. एवढंच आहे ते.

म्हणून तुमच्या तलंगांत ते दिसणारच. एरवी हजार अंड्यांत एखादं असं म्हणतात, पण नव्या कळपात प्रमाण जास्त असतं आणि महिना-दोन महिन्यांत आपोआप कमी होतं. ह्याच दिवसांत बिनबलकाचं सुपारीएवढं अंडं किंवा कातड्यासारखं मऊ अंडंही निघतं, एखाद-दुसऱ्यानं घाबरू नका. मऊ अंडी रोजच यायला लागली तर मात्र शिंपल्याची पूड वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला पाहिजे ती खाते.

दक्षिण सोलापूरच्या दादांचं जरा वेगळं आहे. त्यांचे पक्षी वर्षाचे होत आले तरी डबल बलक चालूच, वर दोन कोंबड्यांचं मागचं अंग बाहेर आलं. मी फोनवर विचारलं, बल्ब किती वेळ? म्हणाले रात्रभर, उजेडानं अंडी वाढतात असं कुणीतरी सांगितलं. अहो उजेडानं अंडी वाढतात हे खरंय, पण त्याला माप आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात दिवस १३ तासांचा आणि डिसेंबरात ११ तासांचा, म्हणजे दिवस आणि बल्ब मिळून १६ तास झाले की पुष्कळ, आणि तेही आठवड्याला अर्धा तास असं वाढवत न्यायचं. तलंग लहान असतानाच रात्रभर लख्ख उजेड दिला की अंगानं तयार व्हायच्या आत ती अंड्यावर येते, मणी धडाधड पिकतात आणि मोठं अंडं टाकताना अंग बाहेर येतं. दादा, आता बल्ब एकदम बंद करू नका, नाहीतर अंडी थांबतील आणि पिसं गळतील, थोडा थोडा कमी करत १६ तासांवर आणा. लाइट जाते-येते म्हणून वेळ पुढं-मागं होत असेल तर टायमर लावा.

दुसरं म्हणजे खाणं. गिरिराज, वनराज हे मुळात वजनदार पक्षी, त्यात मका आणि शेंगपेंड समोर कायम भरलेली, तर चरबी चढते आणि जाड कोंबडीत ही गडबड जास्त होते. परसात फिरून खाणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी मूठभर भरडा बास. पेटीत हात घालून पोट चाचपून बघा, चरबीचा थर बोटांना लगेच कळतो.

अंग बाहेर आलेली कोंबडी आधी बाजूला काढा, अगदी आधी. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून आतडं ओढतात, सकाळी मेलेलीच सापडते. कोमट पाण्यानं धुवा, अंधाऱ्या खुराड्यात एकटी ठेवा आणि तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा.

माढ्याच्या पोरानं विचारलंय, डबल बलकाचं अंडं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवलं तर जुळी पिल्लं निघतील ना? ठेवू नको रे बाबा. नोकरीत नवीन होतो तेव्हा मीही हौसेनं ठेवलं होतं. २१ दिवस होऊन गेले, बाकीची पिल्लं फिरायला लागली, हे तसंच, शेवटी फोडलं तर आत दोन्ही मेलेली, एकमेकांत अडकून. कवच एका पिल्लाच्या मापाचं, दोघांना वळून हवेच्या पोकळीकडं तोंड करायला जागाच उरत नाही. क्वचित निघतात, पण त्यासाठी खुडूक कोंबडीखालची जागा कशाला अडवायची. अंधाऱ्या खोलीत अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धर, दोन सावल्या हलताना दिसल्या की ते बाजूला काढ.

विकायचं म्हणाल तर साधं अंडं ५०-६० ग्रॅमचं, हे ७०-८० च्या पुढं जातं, ट्रेच्या खळग्यात नीट बसत नाही, वरचा ट्रे ठेवला की तडकतं आणि खाली गळून आणखी चार अंडी खराब करतं. मंगळवार बाजारात न्यायच्या आधीच वेगळी काढा आणि घरीच अंड्याची पोळी घाला, कडक भाकरीबरोबर दोघांना एक पुरतं.