गुहेत अंधार ठेव

प्रिय,

फ्रान्समधल्या लास्को गुहेतल्या आदिम भित्तिचित्रांचा तुझा व्हीआर (आभासी वास्तव) डेमो काल हेडसेट लावून दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा बसून, कारण पहिल्यांदा गरगरायला लागलं. आधी तेवढं उरकतो. जॉयस्टिकने पुढे सरकताना डोळे सांगतात चाललो, आतला कान सांगतो जागेवरच आहे. त्या भांडणात पोट ढवळतं. टेलिपोर्ट ठेव, म्हणजे न सरकता थेट पुढच्या जागी उडी. सेकंदाला ९० फ्रेम्स म्हणजे एक फ्रेम, एक चित्र, उभं करायला जेमतेम ११ मिलिसेकंद. त्यात न बसणारी टेक्स्चर्स (भिंतींवर चढवलेल्या प्रतिमा) काढून टाक, जीव अडकवू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझी गुहा एवढी लख्ख का? दागिन्यांच्या शोरूमसारखी! ज्यांनी ते बैल रंगवले त्यांना ते असे कधी दिसलेच नाहीत. त्याच गुहेत वाळूच्या दगडाचा, दांडी असलेला दिवा सापडलाय. चरबीवर जळणारा. तेवढ्या उजेडात एखादं शिंग दिसतं, पुढे सरकावं तर पाठ दिसते, आणि ज्योत हलली की भिंतीचा फुगवटाही हलतो. तो दिवा पाहणाऱ्याच्या हातात दे. बेक केलेला, म्हणजे आधीच मोजून भिंतींवर कायमचा बसवलेला प्रकाश इथे कामाचा नाही. पण एकच हलता दिवा, तोही थोड्या अंतरापुरता, हेडसेटला परवडतो.

खरी गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. म्हणजे तू दाखवशील ते पडताळायला जवळजवळ कोणीच जाऊ शकणार नाही. मग डेमोतला तो बोलणारा म्हातारा चित्रकार कुठून आणलास? कुठल्या भाषेतून? काढ त्याला. मीही एकदा एका प्रकल्पात मागे गाणं घातलं होतं, आम्हीच रचलेलं. एका मुलीने हेडसेट काढून विचारलं, ‘हे कोण गातंय?’ मला उत्तर देता येईना.

लंडन चार्टर, म्हणजे वारशाच्या संगणकीय पुनर्निर्मितीसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, २००६ पासून हेच सांगतोय: पुरावा कुठला आणि तर्क कुठला, हे पाहणाऱ्याला कळायला हवं. उदाहरणार्थ, तू डेमोत उभारलेली परांची बघ. भिंतीतल्या खोबणी खऱ्या आहेत, त्यांवरची लाकडं मात्र तर्काने उभी केलेली. खोबणींना स्कॅनचं टेक्स्चर राहू दे, लाकडं नुसती करडी ठेव. माहितीचा फलक लागणारच नाही.

पुढचा बिल्ड लवकर पाठव. दिवा उजव्या किंवा डाव्या, कुठल्याही हातात धरता येईल असं बघ, मी डावखुरा आहे.