तीन कागद, तीन नावं

"मला नक्की झालंय तरी काय?" हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की आज लिहूनच टाकते. डॉक्टर बदलले की मनाच्या आजाराचं नाव बदलतं, मग वाटतं एकतर डॉक्टर चुकतायत नाहीतर आपण जास्तच बिघडलोय.

माझ्याकडे समुपदेशनाला एक मुलगी आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मांडीवर फाईल घट्ट धरून. एका कागदावर डिप्रेशन, दुसऱ्यावर अँक्झायटी, तिसऱ्यावर अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर (ताणाशी किंवा बदलाशी जुळवून घेणं न जमणं). "ताई, यातलं खरं कुठलं?"

दोन सेशन ती हेच विचारत राहिली. तिसऱ्यांदा म्हटलं, वरचं नाव हाताने झाक आणि खालचं तेवढं वाच. झोप नाही, जेवण कमी, कामात लक्ष नाही. दुसरा कागद, परत तेच. तिसऱ्यावर ती थबकली, "अहो, तिघांनी एकच लिहिलंय की!" हे मी आधीच सांगू शकले असते, पण तिचं तिला दिसलं म्हणून पटलं.

शुगर रक्तात मोजता येते, इथे तशी तपासणी नाही, लक्षणंच मोजतात. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात डिप्रेशनसाठी ९ पैकी किमान ५ लक्षणं २ आठवडे लागतात, त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक हवंच. म्हणजे दोन माणसांना डिप्रेशनच, पण लक्षणं बरीचशी वेगळी असं होतं, आणि झोप उडणं तर कितीतरी आजारांच्या यादीत आहे.

मग विचारलं, झोप कधीपासून गेली?

ती बराच वेळ गप्प. "दादा गेला तेव्हापासून. आठ महिने झाले."

तिन्ही कागदांवर दादा कुठेच नव्हता. मी नेहमी आधी माणसाचं ऐकते, नाव नंतर, ते यासाठीच. आता बघा, लांबलेल्या शोकाला आजार म्हणायला आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत किमान ६ महिने लागतात, डीएसएमच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी १२. नुसती मुदत पाहिली तर तिचं दुःख एकात बसतं, दुसऱ्यात नाही. दुःख तेच ना!

नाव निरुपयोगी नाही हं, उपचार ठरवायला ते लागतं. नाव बदललं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, हे कशावरून ठरवलं, आधीचं काढलं की दोन्ही आहेत?

तिने डॉक्टरांना विचारलं, दादा गेल्याची तारीखही सांगितली. गोळ्या त्याच राहिल्या, पण आता डॉक्टर दर वेळी तिला दादाबद्दल विचारतात.