गृहभेटीचा अहवाल लिहिताना

अनेक आशीर्वाद.

देवगड तालुक्यातील तुझ्या पहिल्या गृहभेटीचा, मुलाने कोठे राहावे हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीसाठीचा अहवाल दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे; परंतु ‘कुटुंब सांभाळ करण्यास असमर्थ’ हे वाक्य ज्या आधारावर लिहिलेस, तो मला पुरेसा वाटत नाही. वडील ट्रॉलरवर, आई मुंबईत घरकामाला आणि दाराला कुलूप, एवढेच तू पाहिलेस. त्या मुलाला रोज जेवू घालणारी आजी त्या वेळी कोठे होती, हे वाडीत विचारले असतेस तर कळले असते.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 नुसार मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. हे तत्त्व समितीला पाठ असते, पण ते घर तिला बहुधा तुझ्याच कागदातून दिसते. सामाजिक तपासासाठी कायद्याने दिलेले 15 दिवस पुरेपूर वापर. होडी बंदराला लागेल तेव्हा वडिलांना गाठ. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तर ते घरीच भेटतील.

एका मुलीची आजी सुनावणीला आली नाही, म्हणून मी एकदा ‘नातेवाईक उदासीन’ असे नोंदवले होते. प्रत्यक्षात तिला तारखेचा निरोपच पोहोचला नव्हता. मुलगी कित्येक महिने बालगृहात राहिली. ते दोन शब्द मला अजून सलतात.

गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. अडचणीतल्या घरातील मूल घरातच वाढावे यासाठी बाल संगोपन योजना आहे. तिचा अर्ज भरून देणे हेही आपलेच काम समज. मात्र इजा घरातूनच होत असेल, तर नात्याला भुलू नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदासुद्धा मुलाचा जबाब आईवडिलांसमोर किंवा मुलाचा विश्वास असलेल्या अन्य व्यक्तीसमोर नोंदवावा असे म्हणतो, आणि ती व्यक्ती कोण हे मूलच सांगू शकते.

समितीपुढे त्या मुलाच्या आजीला तिच्या मालवणीत बोलू दे. आदेश मान्य नसेल तर अपिलाला 30 दिवस असतात, आणि स्त्री म्हणून तिला उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील विनामूल्य मिळतो, हे तिला समजेल अशा शब्दांत सांग. तारखेचा नुसता कागद हाती देऊन परतू नकोस. तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाभोवती गोल काढ आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाणारी सकाळची एसटी किती वाजता सुटते, तेही तिथेच लिहून ये.